रेतीवर आई चुलीला हात लावत नाही

मागे काही दिवस माझ्या फोनवर एक जाहिरात सारखी येत होती. समुद्रकिनारी तंबू, शेकोटी, स्वतः पकडलेली मासळी, कुटुंबाला सवलत. फोटोत मोठी टोपी घातलेली एक बाई हातात खेकडा धरून हसत होती. खेकडा मेलेला होता. ज्याने एकदा तरी खेकडा धरलाय त्याला हे फोटोतूनही कळतं. जिवंत खेकडा असा शांत बसत नाही आणि त्याला धरणारा माणूस असा हसत नाही.

मला राग आला. रेती, पाणी आणि मासे ही कुणाची मालमत्ता नाही, आणि ती पाकिटात घालून विकणाऱ्याला आपण टाळ्या वाजवतो. हे मी पत्रकातही लिहिलं असतं. पत्रकं लिहिणं हे माझं काम आहे: नदीतल्या रेतीच्या उपशावर, अंगणवाडीतल्या बायकांच्या मानधनावर. पण या जाहिरातीवर पत्रक निघालं नाही, कारण लिहायला बसले आणि आमचाच तंबू आठवला. मग राग बराचसा गेला आणि हसू आलं.

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा नवेगावचं मोठं तळंसुद्धा तिकडे गेलं, असं बाबा अजून म्हणतात, जणू कुणी ते रात्रीतून गुंडाळून नेलं. आमच्याकडे वैनगंगा उरली. उन्हाळ्यात ती अंग चोरून एका बाजूने वाहते आणि बाकीचं सगळं पात्र रेतीचं होतं. स्वच्छ, जाड, पायाखाली करकरणारी रेती. तिच्यावर तंबू ठोकायला कोणी पावती फाडत नव्हतं. आम्ही उन्हाळ्यातले काही दिवस तिथे राहायला जायचो. बाबा, आई, माझा धाकटा भाऊ आणि मी. करडी या आत्याच्या गावाच्या जरा पुढे.

बाबांचं लाखनीला हायवेवर ताडपत्री शिवायचं दुकान. दुकान म्हणजे एक टपरी, एक दणकट मशीन आणि समोर रस्त्याच्या कडेला पसरायला जागा. ट्रकवाले फाटलेली ताडपत्री टाकून जेवायला जातात आणि जेवून येईपर्यंत बाबा ती शिवून ठेवतात. कापून उरलेले तुकडे आमचे. आमचा तंबू त्या तुकड्यांचा होता. निळा, काळा, खाकी, आणि एका बाजूला कुठल्यातरी ट्रान्सपोर्टच्या नावातली मधलीच दोन अक्षरं. आत झोपलं की डांबराचा आणि डिझेलचा वास यायचा. पण शिवण अशी होती की वावटळ आली तर खुंटे उपटले असते, टाका उसवला नसता. बाबा आल्यागेल्याला तंबू आतून दाखवायचे. "दुहेरी टाका हाये. हायवेवर धावणाऱ्या मालासाठी असते असा."

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. सकाळी तिथे पोरांची खिचडी शिजवते, त्याआधी घरचा स्वयंपाक, त्यानंतर पुन्हा घरचा. तिथे जे मिळतं त्याला सरकार पगार म्हणत नाही, मानधन म्हणतं. म्हणजे ती काम करत नाही, आपण तिचा मान करतो. यावर मी इथेच थांबते, नाहीतर पत्रक सुरू होईल.

रेतीवर जायची कल्पना बाबांची. "नदीवर राहू, मासे पकडू, तिथंच शिजवून खाऊ," असं ते पहिल्यांदा बोलले तेव्हा भाऊ आणि मी उड्याच मारल्या. आई तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "तुमी जा. मले चूल घरची काय अन् रेतीवरची काय, एकच. उलट तिथं धूर डोळ्यात जास्त जाईन."

बाबा दुखावले. दुखावले की ते मोठं बोलून बसतात. म्हणाले, "रेतीवर तू चुलीले हातच नाही लावाचा. आमी करू."

"हात नाही लावाचा?"

"नाही लावाचा."

"मंग येतो," आई म्हणाली आणि सुपातला खडा काढून बाहेर फेकला.

तेव्हापासून तो नियम झाला. घरून तांदूळ, तेल, तिखट, मीठ, कांदे-लसूण न्यायचे. कालवणाचं जे काही, ते नदीने द्यायचं. शिजवायचं बाबा, भाऊ आणि मी. आईने फक्त खायचं.

त्या दिवसांतली आई मला फार स्पष्ट आठवते. ती चटई तंबूच्या सावलीत टाकायची आणि सावली सरकली की चटई सरकवायची. एवढंच काम. दुपारी पाण्यात पाय सोडून बसायची. केस भर दिवसा, ऐन दुपारी, सोडून विंचरायची. घरी ती उजाडायच्या आत वेणी घालून मोकळी होते, मी तिचे सोडलेले केस उन्हात पाहिलेच नव्हते. समोर ताट आलं की जे असेल ते खायची आणि एकच शब्द बोलायची, "बरं हाये." करपलेलं असलं तरी बरं हाये, कच्चं असलं तरी बरं हाये. बाबांना ते फार लागायचं. घरी तीच बाई भाजीत मीठ कणभर जास्त पडलं तर स्वतःला बोलून घेते.

अडचण एकच होती. आम्हाला मासे पकडता येत नव्हते.

पहिल्या उन्हाळ्यात गरीला दोन वेळा गवत आणि एकदा कुणाची तरी चप्पल लागली. कालवण म्हणून काठावरच्या टरबुजाच्या बाडीतून, म्हणजे मळ्यातून, वांगी आणली. दुसऱ्या उन्हाळ्यात भावाने एक शिंगाडा मासा पकडला, त्याचा काटा भावाच्या बोटात गेला आणि त्या गडबडीत मासा परत नदीत गेला. पुन्हा वांगी. आई दोन्ही वर्षं म्हणाली, "बरं हाये."

हे सगळं घरातच राहिलं असतं. पण आत्याला कळलं. आत्या बाबांची थोरली बहीण, करडीला दिलेली. घरात तिचा शब्द चालतो आणि दाराबाहेरही ऐकू येतो. एका लग्नाच्या मांडवात, पंगत बसलेली असताना, तिने सगळ्यांसमोर विषय काढला.

"माहा भाऊ उन्हाळ्यात रेतीत बसून चूल फुंकते म्हणे. अन् वयनी चटईवर लोळते. अन् खाते काय, तं वांगे. घरी वांगे नव्हते का गा?"

पंगत हसली. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. आणि दुखावले की मोठं बोलतात, हे मी सांगितलंच आहे.

"बाई, तू ये औंदा," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी ये. नदीचंच खाऊ घालतो तुले, पोटभर. नाही जमलं तं रेतीवर जाणं बंद. कायमचं बंद."

आई पलीकडच्या रांगेत बसली होती. तिने ऐकलं. पुरी मोडायची थांबली, मग पुन्हा मोडायला लागली. मी तिच्याजवळ गेले आणि कानात म्हटलं, "बाबांनी तुह्या सुट्टीची पैज लावली. तुले विचारलं का त्याहीनं?"

"जेवू दे मले," आई म्हणाली.

मला मात्र जेवण गेलं नाही. वर्षातले जेमतेम काही दिवस या बाईच्या हाताला पळी लागत नाही, आणि ते दिवस आता एका बहीण-भावाच्या टोमण्यावर टांगलेले. आईची सुट्टी मरळ माशाच्या मर्जीवर. असं वाक्य त्या रात्री मी वहीत लिहूनही ठेवलं.

उन्हाळा आला. ताडपत्री शिवून घेतलेल्या एका पिकअपवाल्याने आम्हाला सामानासकट नदीपर्यंत सोडलं. आई पुढे बसली, चटई मांडीवर उभी धरून.

पहिला दिवस गरीवर गेला. भाऊ तेव्हा आयटीआयला होता, त्याने लोखंडी तारेचे नवे गळ घरीच वाकवून आणले होते. माशांना ते आवडले नाहीत. बाबांनी फेकायचं जाळं कुणाकडून तरी मागून आणलं होतं. ते खांद्यावर घेऊन त्यांनी एकदा जोरात फेकलं. जाळं गोल उघडायला हवं, ते गाठोड्यासारखं पाण्यात पडलं आणि बाबाही त्याच्यामागे गेले. आई चटईवरून म्हणाली, "जाळ्यात काय आलं पाहा." भाऊ म्हणाला, "बाबा आले." संध्याकाळी वांगी.

दुसऱ्या दिवशी बाबा सकाळपासून नदीकडे बघत बसले. मग उठून म्हणाले, "आपण येडे आहो. आपल्याले येते तसं काहून पकडून नाही राहिलो?"

आपल्याला येतं तसं म्हणजे बोडीतल्यासारखं. बोडी म्हणजे धानाच्या शेताच्या वरच्या अंगाला पाणी अडवायला केलेलं लहानसं तळं. आमच्या भागात शेतागणिक असते. उन्हाळ्यात तिचं पाणी पोटरीइतकं उरलं की घरचे, शेजारचे सगळे एकदम आत उतरतात आणि पायांनी तळचा गाळ घुसळतात. पाणी वरणासारखं घट्ट होतं. माशांचा जीव घाबरा होतो, ते तोंड वर काढतात, मग हाताने, टोपल्याने, पदराने, ज्याला जसं जमेल तसं धरायचं. हे आम्हाला शिकवावं लागत नाही. बाबा यात पटाईत होते. लहानपणी दोन्ही हातांत एकेक मरळ धरून बोडीबाहेर आल्याची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की त्या मरळी दरवर्षी थोड्या लांब होत होत्या.

बाबांनी आम्हाला वैनगंगेत एका ओळीत उभं केलं. पाणी गुडघ्याइतकं होतं. "एकदमच घुसळाचं," ते म्हणाले. "थांबाचं नाही. पाणी गढूळ झालं का मासा वर येते."

आम्ही घुसळायला लागलो. बाबा मधे, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. तिघं वैनगंगेत कवायत केल्यासारखे पाय आपटत होतो. खालून थोडासा मातकट ढग उठायचा, पायांभोवती एक गिरकी घ्यायचा आणि शांतपणे निघून जायचा. पुन्हा आपट, पुन्हा ढग, पुन्हा निघून गेला. आमच्या पायाशी पाणी इतकं स्वच्छ की माझ्या अंगठ्याचं नख दिसत होतं. बाबा वर बघायचे, खाली बघायचे.

"गढूळ काहून नाही होऊन राहिलं?" ते म्हणाले.

भाऊ थांबला आणि वाहत्या पाण्याच्या दिशेने हात केला. "बाबा, आपला गाळ खाली गोसीखुर्दच्या धरणात जाऊन राहिला. तिथचे लोक धरून राहिले असतील आपले मासे."

चटईवर आई उठून बसली होती. तोंडाला पदर लावून ती इतकी हसत होती की तिचे खांदे हलत होते. "थांबले काहून?" ती म्हणाली. "अजून जोरानं नाचा. धरणावाल्याइले पुरले पाहिजे."

बोडीचं पाणी कुठे जात नाही, आणि नदीला दुसरं काम नाही. एवढी साधी गोष्ट तीन माणसांना भर नदीत उभं राहूनच कळली. बाबांनाही हसू आलं, पण ते लवकर गेलं. आत्या उद्या दुपारी येणार होती.

संध्याकाळी मी एकटीच वरच्या अंगाला चालत गेले. तिकडे रेतीचे ट्रॅक्टर उतरायचे. त्यांच्या चाकोऱ्यांचे फोटो मला पत्रकासाठी हवे होते. नदीचं पात्र तिथे कुणी चमच्याने खरवडल्यासारखं दिसत होतं, ढीग आणि खड्डे, ढीग आणि खड्डे. संतापाने मी एकेक फोटो काढत होते. असे खड्डे नंतर पाण्याने भरतात, वरून उथळ दिसतात आणि त्यात पोहायला उतरलेली माणसं वर येत नाहीत. हे पत्रकात लिहायचंच होतं.

एका खड्ड्याच्या काठावर बगळे बसले होते. बरेच. मी जवळ गेले तर उडाले नाहीत, नुसते बाजूला सरकले. खड्ड्यात पाणी होतं. नदी मागे हटली तेव्हा मागे राहिलेलं, आता कुठूनही न वाहणारं. काठाला गाळ बसला होता. मी काठी घालून खोली पाहिली. मधे कमरेइतकी, बाकी मांडीच्या खाली. आणि पाण्याच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी बारीक बारीक ठिपके उठत होते, पाऊस नसताना पाऊस पडल्यासारखे. मासे श्वास घ्यायला वर येत होते.

ती बोडीच होती. ट्रॅक्टरवाल्यांनी नदीत खोदलेली बोडी.

मी तिथे उभी राहिले, हातात त्याच खड्ड्याविरुद्धचा पुरावा घेऊन. ज्यांच्या नावाने मी गावोगाव ओरडत फिरते, त्यांच्या खड्ड्याने आम्हाला जेवू घालायचं? बाबांना सांगितलं तर ते आयुष्यभर मला ऐकवतील, हेही दिसत होतं. परत आले आणि आधी आईला सांगितलं, हळू आवाजात.

आईने विचारलं, "झिंगे हायेत का त्याच्यात?"

"असतील. पण आई, तो खड्डा अवैध हाये."

"झिंग्याइले माहीत हाये का?"

मी फोन पिशवीत टाकला.

"सांग तुह्या बापाले," आई म्हणाली. "उद्या खाऊन घे. परवा लिहिजो."

सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही खड्ड्यात उतरलो. मधला खोल भाग सोडून कडेकडेने. या वेळी बाबांना काही सांगावं लागलं नाही. गाळ घुसळताच पाणी भुरकं झालं, मग चहासारखं, मग वरणासारखं. आणि मग ते सुरू झालं. पायाला काहीतरी घासून जायचं, गुदगुल्या व्हायच्या. चांदीसारखे बारीक मासे तोंडं वर काढून गोल फिरायला लागले. भावाने आणि मी जुनी मच्छरदाणी दोन टोकांनी धरून कडेने ओढली, वर काढली तर ती झिंग्यांनी उड्या मारत होती. बाबा ओणवे होऊन गाळात कोपरापर्यंत हात घालून बसले, श्वास रोखून. मग झटक्यात उठले. हातात मरळ होती, गोष्टीतल्या मरळीपेक्षा बरीच लहान. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते गोष्टीतलंच होतं.

आई काठावर आली होती, केस मोकळे सोडून. बगळ्यांच्या शेजारी उभी राहून ती सूचना देत होती. "तिकडे, तिकडे पाहा. डाव्या हाताले. अरे, तुमचा डावा."

टोपलं भरलं. खाली दोन मरळी, एक वाम, आणि वर झिंगे आणि बोटाएवढे मासे, नुसता ढीग. बाबा टोपलं डोक्यावर घेऊन तंबूकडे निघाले तेव्हा त्यांची चाल लग्नातल्या नवरदेवासारखी होती. "पत्रकात लिहिजो," ते मला म्हणाले. "ट्रॅक्टरवाल्याइनं गरीब कुटुंबाले मदत केली म्हणून."

"एका टोपल्यासाठी सगळी नदी खोदली, असं लिहीन."

"लिहिजो. पण झिंगेबी लिहिजो."

तंबूपाशी टोपलं उतरवलं आणि तिथे खरी अडचण सुरू झाली. एवढे बारीक मासे साफ कोण करणार? मोठा मासा असता तर खवले काढून चार तुकडे केले असते. इथे झिंग्याचं एकेक डोकं खुडायचं, एकेक माशाचं पोट दाबून साफ करायचं, राखेत घोळायचं, धुवायचं. बाबांनी एक झिंगा उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि परत ठेवला. सूर्य वर येत होता. आत्या निघाली असणार.

बाबा आईच्या चटईजवळ जाऊन बसले. आवाज मऊ केला. "ऐक ना. फक्त साफ करून दे. शिजवतो मीच. चुलीले हात नाही लावाचा म्हटलं, तो नियम हायेच. साफ करणं काही चुलीत येत नाही."

मी पेटले. "हेच. हेच सरकार करते बाबा. काम तेच, फक्त नाव बदलाचं. मदत म्हणाचं, मान म्हणाचं, अन् बाईले कामाले बसवाचं."

"मी सरकार हाये का?"

"आता झाले."

"तू गप्प राह्य," बाबा म्हणाले. "तुह्या आत्याचं पोट नाही भरलं तं बंद होईन सगळं. तेच पाहिजे का तुले?"

ते खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. आईने हात लावला असता तर अर्ध्या तासात टोपलं साफ होऊन आत्या जेवली असती, आणि रेतीवर येणं चालू राहिलं असतं. फक्त ज्यासाठी आई रेतीवर यायची ते उरलं नसतं. हात लावला नाही तर कदाचित येणंच संपलं असतं. मी आईकडे पाहिलं. तीही टोपल्याकडे पाहत होती. तिची बोटं चटईच्या काठावर आपोआप हलत होती, झिंगा खुडल्यासारखी. तिला स्वतःला थांबवणं सोपं जात नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मग ती म्हणाली, "औंदा साफ केलं, तं पुढच्या साली फक्त फोडणी दे म्हणाल. त्याच्या पुढच्या साली फक्त भात टाक. मले माहीत हाये ना तुमी." आणि ती नदीकडे तोंड करून आडवी झाली.

बाबा उठले, बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "शिकव."

मी टोपल्याचे तीन ढीग केले. एक बाबांचा, एक भावाचा, एक माझा. माझाच करीन, तुमचा करणार नाही, हेही सांगून ठेवलं. भाऊ म्हणाला, "हिचं पत्रक कधी संपते का नाही." पण खाली बसला.

आम्ही ढिगांच्या निम्म्यावरही नव्हतो तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला. मागे आत्या, पुढे तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामाजी म्हणतो. आत्याच्या मांडीवर मोठा डबा होता. रेतीत गाडी रुतली तशी ती उतरून चालतच आली.

"जय भीम," तिने लांबूनच म्हटलं. "वांग्याची भाजी अन् भाकर आणली. मले माहीत होतं."

मग तिने पाहिलं. आपला भाऊ उकिडवा बसलेला, कोपरापर्यंत खवले चमकताहेत, नाकावर राख. पुढ्यात झिंग्यांचा ढीग. आणि वहिनी चटईवर. आत्या डबा छातीशी धरून जागीच थांबली.

"वयनी, तब्येत बरी नाही का?"

आई उठून बसली. "बरी हाये ना बाई. म्हणून तं झोपली आहो."

"अन् हे?"

"ते शिकून राहिले."

आत्याने डबा खाली ठेवला, पदर खोचला आणि बसता बसता तिचा हात बाबांच्या हातातल्या सुरीकडे गेला. तिने ठरवून केलं नाही. पसरलेला कामाचा ढीग दिसला की तिचा हात आपोआप जातो, आमच्या घरातल्या सगळ्याच बायकांचा जातो. "दे इकडे. संध्याकाळ करशील तू."

"बाई," आई म्हणाली, "रेतीवर बायका चुलीले हात लावत नाही. तुमीबी नाही."

"मी पाहुणी आहो वो."

"म्हणूनच नाही. इकडे या. जागा हाये."

आत्याचा हात तसाच हवेत राहिला. तिने बाबांकडे पाहिलं, मग मामाजींकडे, मग त्या चटईकडे. शेवटी जाऊन चटईच्या अगदी कडेला बसली, एसटीत तिसऱ्या माणसाने टेकावं तशी, पाय बाहेर, पाठ ताठ. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले, मग पदराशी चाळा केला. आईने काही न बोलता तिच्या पायाखाली ओली रेती ओढली. थंड. आत्याने पाय जरा पुढे केले. मग अजून जरा.

मामाजी अजून उभेच होते, हेल्मेट हातात घेऊन, हसत. मेव्हण्याची मजा पाहणारा माणूस जसा हसतो तसे.

"तुमी पाहून काय राहिले?" आत्या चटईवरून म्हणाली. "बसा तिकडे. चौथा ढीग पाडा गा त्याहीचा."

मामाजींचं हसू गेलं. ते बाबांच्या शेजारी उकिडवे बसले. बाबांनी त्यांना एक झिंगा दिला आणि म्हणाले, "भाऊजी, इथून धराचं. डोकं इकडे येते." इतक्या गंभीरपणे, जणू ते जन्मभर हेच करत आलेत.

जेवायला दुपार कलली. झिंगे कांद्यात परतलेले, बारीक मासे तेलात कुरकुरीत, मरळीचं झणझणीत कालवण, भात थोडा लागलेला. तोपर्यंत आत्याची वेणी सुटलेली होती आणि ती आणि आई कुणाच्या तरी सासूवर इतक्या मन लावून बोलत होत्या की ताटं समोर आली तरी थांबल्या नाहीत. आत्याने तीनदा कालवण घेतलं. बाबा स्वतः जेवत नव्हते. निकाल लागायचा असल्यासारखे ताटाकडे पाहत होते.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "बाई, पोट भरलं का?"

आत्याने बोटं चाटली. "रेती लागून राहिली दाताले."

बाबांचा चेहरा पडला. मी बोलायला तोंड उघडलं, आईने माझ्या मांडीवर हात ठेवला.

"अन् भरलं का म्हणशील तं नाही भरलं," आत्या म्हणाली. "एका दुपारीनं काय भरते? साऱ्या जन्माचं रांधून बसली आहो मी. पुढच्या साली पहिल्या दिवशीच येतो. चटई माही मी आणीन." मग तंबूकडे मान वळवली. "पण ह्या चिंध्यात मी नाही मावत. मोठा कर जरा."

"चिंध्या नाही त्या," बाबा म्हणाले. "दुहेरी टाका हाये." पण ते उठले होते. तंबूच्या एका टोकाला जाऊन हात पसरून मोजत होते, एक वाव, दोन वाव, किती तुकडा लागेल याचा अंदाज घेत.

मी आईकडे पाहिलं. तिने रिकामं ताट बाजूला सारलं.

"कसं झालं होतं?" भावाने विचारलं.

"बरं हाये," आई म्हणाली आणि आडवी झाली. आत्याही तिच्या शेजारी आडवी झाली, जरा अंतर ठेवून, छातीवर हात बांधून, अजून सवय नसल्यासारखी.

त्या खड्ड्यांवरचं पत्रक मी परवा नाही, पण त्याच आठवड्यात लिहिलं. चांगलं कडक लिहिलं. झिंगे त्यात घातले नाहीत, एका पानात जागा नव्हती. बाबा अजून विचारतात, म्हणून इथे घातले.

वांग्यांचा डबा संध्याकाळी मामाजींनी तसाच भरलेला मोटरसायकलला बांधला. भांडी घासून झाली होती, त्यांनी आणि भावाने, रेतीनेच.